शब्दांचे घर : खलबत

जिंतूरच्या बाजारपेठेतील एखाद्या पेढीवर दुपारची वेळ आहे. ओट्यावर दोन-तीन शेतकरी हिशेबासाठी थांबले आहेत, मुनीमजी वही उघडून बसले आहेत आणि आतल्या खोलीचे दार ओढून घेतलेले आहे. आत घरातील थोरले काका, दोन पुतणे आणि परभणीहून आलेले व्याही बसले आहेत. कोणी तरी विचारतो, "शेठजी दिसत नाहीत?" मुनीमजी मान वर न करता सांगतात, "आत खलबतं चाललीत."

एवढे उत्तर ओट्यावरच्या मंडळींना पुरेसे होते. संध्याकाळपर्यंत गावाच्या दुसऱ्या टोकाला तीन निरनिराळ्या कथा पोहोचतात. भाऊ वेगळे निघणार, ही एक. ठरलेली सोयरीक मोडली, ही दुसरी. आणि पेढी अडचणीत आहे, ही तिसरी, सर्वांत घातक. प्रत्यक्षात आत कदाचित व्याह्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची सोय कशी करावी, एवढाच विचार चाललेला असेल. असे दृश्य मराठवाड्यातील कोणत्याही व्यापारी गावात सहज घडू शकते. मुनीमजींनी खोटे काही सांगितले नाही. त्यांनी एक शब्द वापरला आणि उरलेले काम त्या शब्दाने केले.

खलबत या शब्दाला हा संशय कोठून चिकटला? मराठी कानाला त्यात प्रथम ऐकू येतो तो 'खल', म्हणजे दुष्ट, दुर्जन. दार लावून बोलणारे ते खल आणि त्यांचे बोलणे ते खलबत, अशी व्युत्पत्ती पुष्कळांनी मनातल्या मनात करून ठेवलेली असते. दुसरी कल्पना स्वयंपाकघरातून येते. खलबत्त्यात वेलदोडे कुटावेत तसा विषय घोटून घोटून बारीक करायचा, ते खलबत. 'एखाद्या गोष्टीचा खल करणे' हा वाक्प्रचार या कल्पनेला बळ देतो, आणि तो वाक्प्रचार खरोखर खलातलाच आहे. तथापि खलबताचा ना दुर्जनाशी संबंध, ना वेलदोड्यांशी.

हा शब्द मूळचा अरबी, आणि मराठीत तो फारसीच्या हाताला धरून आला. त्याचे मूळ रूप 'खल्वत'. ज्या धातूपासून तो बनला त्याचा अर्थ रिकामे असणे, एकटे असणे. त्याच धातूचा आणखी एक शब्द मराठी माणूस रोज वापरतो: भाडेकरू जागा 'खाली' करतो, गाडीतला माल उतरवून गाडी 'खाली' करतात, त्यातला 'खाली' हा खलबताचा सख्खा भाऊ होय. ऐतिहासिक नाटक-चित्रपटांत बादशहा हात उंचावून 'तखलिया' म्हणतो आणि दरबारी मागच्या पावली बाहेर पडतात. तो शब्दही याच कुळातला, अर्थ 'जागा मोकळी करा'. खल्वतचे खलबत झाले यात नवल नाही. अरबी 'वक्त' ग्रामीण मराठीत 'बखत' झाला, तसाच येथेही व चा ब झाला.

मूळ अर्थ मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खल्वत म्हणजे माणसांनी रिकामी झालेली जागा, निवांतपणा. सूफी साधकांच्या परिभाषेत खल्वत म्हणजे ईश्वरचिंतनासाठी पत्करलेला एकांतवास; त्यांच्यातील एका पंथाचे नावच खल्वती असे आहे. म्हणजे ज्या शब्दाने आज कटाचा वास येतो, तो शब्द एकेकाळी उपासनेच्या खोलीचा होता. जिंतूरकरांना ही कल्पना परकी वाटू नये. गावाजवळच्या नेमगिरीच्या डोंगरातील गुहामंदिरांत नेमिनाथ आणि पार्श्वनाथ यांच्या मूर्तींसमोर जो उभा राहिला आहे, त्याला माणसांनी रिकामी झालेली जागा म्हणजे काय, हे कोश उघडून पाहावे लागत नाही.

उपासनेच्या खोलीतून हा शब्द राजाच्या खोलीत गेला. राजालाही निवांतपणा लागतो, पण तो चिंतनासाठी थोडा आणि राजकारणासाठी फार. जिंतूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या हैदराबादेतील चौमहल्ला राजवाड्याच्या मुख्य दरबारी वास्तूचे नाव 'खिलवत मुबारक' असे आहे. खिलवत म्हणजे हेच खल्वत. खासगी जागेचे नाव दरबाराला मिळाले. राजाचे खासगी आणि सरकारी यांतील भिंत किती पातळ असते, हे त्या एका नावात दिसते. मोगलांकडे तर याहून गमतीचा प्रकार होता. निवडक सरदारांशी मसलत करण्याच्या दालनाला 'गुसलखाना' म्हणत, आणि गुसल म्हणजे स्नान! बादशहाच्या स्नानगृहाजवळच्या दालनात मोजक्याच माणसांना प्रवेश असे, म्हणून ते नाव सल्लामसलतीच्या जागेला पडले.

मराठ्यांच्या किल्ल्यांवर खलबतखाना असे. रायगडावर राजवाड्याच्या परिसरात एक तळघर आहे. त्याला रत्नशाळा म्हणतात, पण तो गुप्त बोलण्यांसाठी केलेला खलबतखाना असावा, असेही मानले जाते. ज्या छत्रपतींनी राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यांच्याच राजधानीतील एका जागेला लोक आजही खलबतखाना म्हणतात. कोश बरेच काही बदलू शकतो, पण लोकांच्या जिभेवर रुळलेला शब्द हट्टी असतो.

खलबताचा जोडीदार 'मसलत'. तोही अरबी, आणि त्याच्या मुळाशी हित, कल्याण हा अर्थ आहे. 'सल्ला' हा शब्दही त्याच मुळातून फुटलेला, म्हणजे 'सल्लामसलत' या जोडशब्दात दोन भावंडे शेजारी बसलेली आहेत. पेशवेकालीन पत्रांत मसलत हा शब्द कधी विचारविनिमय या अर्थी येतो, तर कधी चक्क लष्करी मोहिमेसाठी. हिताचा शब्द मोहिमेपर्यंत गेला आणि निवांतपणाचा शब्द कटापर्यंत. बंद दाराआड जे बोलले जाते त्याविषयी बाहेरच्यांचे मत सहसा चांगले होत नाही, आणि शब्दांचे अर्थ बाहेरचेच लोक ठरवतात.

फारसी येण्यापूर्वी या व्यवहाराला येथे शब्द नव्हते असे नाही. संस्कृतात खासगी विचारविनिमयाला 'मंत्र' म्हणत. मंत्र देणारा तो मंत्री. आज मंत्र देवघरात राहिला आणि मंत्री मंत्रालयात, पण दोघांचे घर एकच. कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्राच्या जागेविषयी बारकाईने लिहिले आहे. ती जागा अशी बंदिस्त हवी की पक्ष्यांचीही नजर पोहोचू नये, कारण पोपट, मैना आणि कुत्रे यांच्याकडूनही गुपिते फुटल्याचे ऐकिवात आहे, असे तो सांगतो. किती जणांशी विचार करावा याचाही हिशेब त्याने मांडला आहे. एकच सल्लागार असेल तर तो बेलगाम होतो, दोघे असतील तर आपसांत संगनमत करतात, फार जण झाले तर गुप्तता राहत नाही. तीन किंवा चार ठीक. मराठीतला 'षट्कर्णी होणे' हा वाक्प्रचार मात्र कौटिल्याहूनही कडक आहे. सहा कान म्हणजे तीन माणसे. तिसरा आला की गोष्ट फुटली, असे मराठी भाषा धरून चालते.

व्यापाऱ्यांनी यावर आपले उपाय शोधले होते. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना दुकानातल्या दोघांना भावाविषयी बोलायचे असेल तर दार लावता येत नाही. त्यासाठी महाराष्ट्रातील व्यापारी नंदभाषा वापरीत. तिच्यात एक म्हणजे भुरका, तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू, दहा म्हणजे अंगुळू. "मुळूवर सोड" असे म्हटले की गिऱ्हाइकाला काही कळत नसे आणि माल पाचाला सुटे. हे भर दुकानातले, उघड्या दारातले खलबत. आज जुन्या घरांतील आजोबांना यातले चार-दोन आकडे आठवत असतील तर नातवंडांनी ते लिहून ठेवावेत. हा ठेवा वह्यांत फारसा सापडत नाही.

धान्य आणि गुरांच्या बाजारातील 'हत्ता' पद्धत याचीच बहीण. दोघांनी उपरण्याखाली हातात हात घालायचा, बोटे दाबून आकडा सांगायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही. पाहणाऱ्याला त्यात कौशल्य दिसते, आणि ते आहेच. पण धान्याच्या बाजारात उपरण्याबाहेर कोण उभा असे? ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी. त्याच्या मालाचा भाव ठरत असे आणि तो आकडा त्याच्यापासूनच लपलेला असे. बाजार समित्यांच्या कायद्याने खुल्या लिलावाचा दंडक घातला तो याचसाठी; महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा आहे. गुरांच्या बाजारात रुमालाखालचे हात अजून दिसतात. घेणारा आणि विकणारा स्वतःच बोटे दाबत असतील तर त्यात कोणाचे नुकसान नाही. ते दोघांचे खासगी बोलणे. तिसऱ्याच्या मालाविषयी दोघांनी रुमालाखाली बोलावे, येथे खलबत या शब्दाचा वाईट अर्थ खरा ठरतो.

खासगी बोलण्याविषयी सर्वांत सूक्ष्म विचार कोणी केला असेल तर तो जैन आचार्यांनी, आणि तोही गृहस्थांच्या व्रतांच्या प्रकरणात. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार येतात. खोटे न बोलण्याच्या व्रतात दोष कशाने लागतो, याची ती यादी आहे. चुकीचा उपदेश करणे, हा त्यांतील एक. खोटे लेख तयार करणे, म्हणजे कूटलेखक्रिया, हा दुसरा. दुहेरी वह्यांचा धंदा यातच आला. ठेव बुडविणे, म्हणजे न्यासापहार, हा आणखी एक. उरलेले दोन मात्र खासगी बोलण्याचेच आहेत. 'रहोभ्याख्यान' म्हणजे एकांतात घडलेली गोष्ट बाहेर सांगणे. यातील 'रहस्' म्हणजे एकांत, ज्यापासून रहस्य हा शब्द झाला. 'साकारमंत्रभेद' म्हणजे दुसऱ्यांचे चेहरे, भुवया, हातवारे पाहून त्यांच्या मनातला मंत्र ताडणे आणि तो मत्सराने उघड करणे.

येथे थोडे थांबले पाहिजे. या दोन्ही प्रसंगी सांगणारा खोटे बोलत नाही. एकांतातली गोष्ट खरी असू शकते. हातवाऱ्यांवरून काढलेला तर्कही बरोबर असू शकतो. तरीही तो दोष सत्यव्रताच्या खाती मांडला आहे. खरी गोष्ट सांगूनही सत्याला डाग लागतो, हा विचार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. पण यादीतील शेजार पाहिला की त्याचा उलगडा होतो. ठेव बुडविणे आणि मंत्र फोडणे ही एकाच ओळीत बसविली आहेत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही सुद्धा ठेवच. ती ज्याची आहे त्याची आहे; ज्याच्याजवळ ठेवली त्याला ती खर्च करण्याचा अधिकार नाही.

न्यासापहाराचे पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेले स्पष्टीकरण तर पेढीवरच्या प्रत्येकाने एकदा वाचावे असे आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला आणि प्रत्यक्षात ठेवली होती त्याहून कमी मागू लागला, तेव्हा 'होय, तेवढीच होती' असे म्हणून मान डोलावणे, हा तो दोष. चोरी झाली नाही, कागद बदलला नाही. केवळ एका होकाराने व्रत डागाळले. ज्यांनी हे लिहिले त्यांना व्यापाराची नाडी ठाऊक होती यात शंका नाही.

श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग या आगमात ही यादी थोडी वेगळी आहे. तीत खासगी गोष्टींशी संबंधित दोषांत 'स्वदारमंत्रभेद' येतो, म्हणजे आपल्याच पत्नीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडणे. आणि हे अतिचार भगवान महावीरांनी कोणाला सांगितले? वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाला. ज्याची चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेली होती, अशा धनिक गृहस्थाला. घरी पत्नी काय बोलली, हे मित्रांच्या बैठकीत हसत हसत सांगणे कित्येकांना निरुपद्रवी करमणूक वाटते. आगमाने ते व्रताच्या दोषांत धरले आहे.

व्यापारी गावात या नियमांना नुसते नैतिक मोल नसते. पेढी भांडवलावर चालते त्याहून अधिक पतीवर चालते. आतल्या खोलीत एका वर्षाच्या तोट्याविषयी भावाभावांचे बोलणे झाले, आणि ते ओट्यावरून बाजारात गेले, तर ज्यांची रक्कम पुढल्या दिवाळीपर्यंत ठेवायची ठरलेली असते ते उद्याच सकाळी दारात उभे राहतात. सर्वांना एकाच दिवशी देता येईल इतकी रोकड कोणत्याच पेढीत नसते. तोटा भरून निघाला असता. बोलवा पेढी बुडवते. सोयरिकीचेही असेच. नकार दोन घरांत राहिला तर दोन्ही घरांची मुले पुढे सुखाने नांदतात, आणि तो कारणासकट गावभर झाला तर एका मुलीला पुढची चार वर्षे उत्तरे देत बसावे लागते.

जैन आचारात खासगी बोलण्याची आणखी एक जागा आहे, आणि ती खल्वत या शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळची. ती म्हणजे आलोचना. हिंदीत आलोचना म्हणजे टीका, त्यामुळे हिंदी वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. शास्त्रात मात्र आलोचना म्हणजे आपल्या हातून घडलेला दोष गुरूंपुढे मोकळेपणाने सांगणे. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत तिचा पहिला क्रमांक आहे. ती कशी करू नये याचेही दहा दोष सांगितले आहेत. त्यांतील 'शब्दाकुलित' हा दोष माणसाच्या स्वभावाची पारख दाखवतो: सभोवती इतरांचा कलकलाट चालू असताना आपला दोष सांगून मोकळे व्हायचे, म्हणजे सांगितल्यासारखे होते आणि कोणाला नीट ऐकूही जात नाही.

ऐकणाऱ्या आचार्यांच्या गुणांत, शिवार्यांच्या भगवती आराधनेत, 'अपरिस्रावी' असा एक शब्द येतो. परिस्राव म्हणजे पाझरणे, गळणे. ज्याच्यातून काहीही पाझरत नाही तो अपरिस्रावी. शिष्याने सांगितलेला दोष त्याच्याजवळच मुरतो. मडके गळके असेल तर पाणी भरणाऱ्याचा काय दोष? मराठीत 'पोटात ठेवणे' असा सुंदर वाक्प्रचार आहे. अपरिस्रावी म्हणजे तोच गुण, फक्त शास्त्राच्या परिभाषेत. हा शब्द मुनिसंघाबाहेरही वापरात यायला हरकत नाही. मुनीम, वकील, डॉक्टर, सोयरीक जुळविणारे मध्यस्थ, या सर्वांच्या अंगी तो हवा.

आलोचनेच्या नियमांत एक अपवाद आहे, आणि तो फार शहाणपणाचा आहे. मुनी गुरूंपुढे एकांतात आलोचना करतो, तेथे दोघेच असतात. आर्यिकेच्या आलोचनेसाठी मात्र तिसरी व्यक्ती हवी आणि जागा उजेडाची हवी, अशी दिगंबर परंपरेतील मर्यादा आहे. येथे सहा कान झाले तरी चालतात; किंबहुना ते हवेतच. गुप्तता मोलाची असली तरी जेथे एकाचे सामर्थ्य दुसऱ्याहून फार अधिक असते, तेथे ती तिसऱ्या माणसाच्या साक्षीने आणि उजेडात पाळली जावी, हे त्या आचार्यांना कळत होते.

याच मोजमापाने आणखी एका बंद दाराकडे पाहता येते. मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा यांच्या विश्वस्तांची बैठक कधी कधी बंद दाराआड होते. एखाद्या गरजू कुटुंबाला मदत द्यायची असेल, तर त्या कुटुंबाचे नाव खोलीबाहेर जाऊ नये, हे योग्यच. पण निधी किती जमला आणि कोठे खर्च झाला, हा खलबताचा विषय कधीच होऊ शकत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याने हिशेबाची तपासणी बंधनकारक केली आहे. कायदा नसता तरी समाजाच्या निधीवर कोणाचाही खासगी हक्क नव्हता. बऱ्याच ठिकाणी नेमके उलटे घडते. मदत घेणाऱ्याचे नाव फलकावर झळकते आणि हिशेबाची वही कपाटात राहते.

'एकांत' या शब्दालाही जैन परिभाषेत दोन अर्थ आहेत, आणि खलबताच्या संदर्भात दोन्ही उपयोगी पडतात. एक निवांत जागा हा. दुसरा, वस्तूची एकच बाजू धरून बसणे. ज्याच्या विरोधात अनेकांत उभा आहे. चार समविचारी माणसे दार लावून बसली की पहिल्या एकांतातून दुसऱ्यात शिरायला फार वेळ लागत नाही. म्हणून घरच्या वाटणीच्या बैठकीत जुनी माणसे एखादा असा नातलग मुद्दाम बोलावीत, ज्याचे कोणाशीच फारसे पटत नसे.

आता पुन्हा त्या पेढीवर. दार अजून ओढलेलेच आहे. ओट्यावर बसलेल्याने विचारले आहे, "शेठजी दिसत नाहीत?" मुनीमजी शब्दकोश वाचणारे गृहस्थ नसतील, पण पाव शतक त्याच गादीजवळ बसलेले आहेत, आणि उत्तर देण्यापूर्वी ते क्षणभर थांबले तर दुसरेही एक उत्तर त्यांच्याजवळ आहे: "आहेत आत. घटकाभर बसा, येतील. पाणी घेता का?"